बांधातली बार्ज

कपडे धुण्याच्या दुकानात काम करून करून मला घाणीची चांगली पारख आली आहे. तेलाचा डाग निघतो, शाईचा निघतो, रक्ताचासुद्धा थंड पाण्यात निघतो. पुराच्या गाळाचा निघत नाही. कपडा स्वच्छ दिसतो, आपण खूश होऊन घडी घालून कपाटात ठेवतो, आणि पुन्हा काढला की तोच कुजका वास नाकात घुसतो. माझ्या आत्याने या गाळात उभा संसार केला, आणि तिच्या घराइतकं लखलखीत घर मी दुसरं पाहिलेलं नाही. आता तिच्याबद्दल सांगायचं म्हणजे माझ्या बाबांबद्दलही सांगावं लागणार. त्याला माझा इलाज नाही.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. काठावरचे लोक तिला 'सुंठ' म्हणतात, अर्थात तिच्या माघारी, कारण तोंडावर म्हणायची कुणाची टाप नाही. किरकोळ अंगाची, कोरडी, आणि बोलली की झोंबणारी. बहीणभाऊ दोघंही आजोबांच्या, म्हणजे त्यांच्या अप्पांच्या, बार्जवर वाढली. वाळू आणि खडी वाहून नेणारी लांबलचक लोखंडी बार्ज, मागच्या टोकाला एक खोली, खोलीत स्टोव्ह आणि फळ्यांची झोपायची जागा. आजोबांनी दोघांनाही सुकाणू धरायला शिकवलं. पुढे बार्ज मात्र मुलाला दिली आणि मुलीला बांधाच्या आतल्या सखल वस्तीत उजवून मोकळे झाले. तिथली जमीन नदीपेक्षा खाली. नदी भरलेली असली की आत्याच्या अंगणात उभं राहून, मान वर करून, आकाशाकडे बघावं तसं बार्जकडे बघावं लागतं. भावाच्या बार्जचा तळ बहिणीच्या छपराच्या बरोबरीने जातो. लहानपणी मला हे फार गमतीचं वाटायचं. आता आठवलं की डोकं फिरतं.

तिचे यजमान गेल्यापासून ती एकटीच. मागे कोबीचा मळा, पुढे कोंबड्यांचा खुराडा, मध्ये दोन खोल्या. त्या खोल्यांत काहीही जमिनीवर नसतं. पलंगाच्या पायांखाली विटा, कपाटाखाली विटा, चपला खिळ्याला, धान्याचे डबे वरच्या फळीवर. भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला ओलीची रेघ, आत्या ती दर वर्षी चुन्याने झाकायची आणि रेघ दर वर्षी पुन्हा वर यायची. नदी पूर्वी पावसाळ्यात एकदा चढायची आणि शहाण्यासारखी उतरायची. हल्ली ती कधीही चढते आणि मुक्काम ठोकते. बांध फुटला नाही तरी पाणी जमिनीखालून झिरपतं. फरशीच्या सांध्यांतून काळसर बुडबुडे येतात, संडास तुंबतो, विहिरीच्या पाण्याला साबणासारखा बुळबुळीतपणा येतो. आत्या फडकं घेऊन फरशी पुसत राहते. मी एकदा म्हटलं, "आत्या, खालून येतंय, पुसून काय उपयोग?" ती म्हणाली, "घाण खालून आली काय नि वरून आली काय, घर माझंच आहे ना?"

नदी चढली की बार्जवाल्यांना दोन त्रास. पुलाच्या खांबावर एक लाल पट्टा रंगवलेला आहे. पाणी त्याला टेकलं की वाहतूक बंद. एक तर पुलाखालची जागा कमी पडते. दुसरं म्हणजे भिजून मऊ पडलेल्या बांधाला बार्जच्या लाटा लागल्या की तो कडेकडेने ढासळतो. मग सगळ्या बार्ज धक्क्याला बांधून बसतात आणि बार्जवाले पत्ते कुटत नदीला शिव्या घालतात. त्यातही एक चलाखी असते. रिकामी बार्ज पाण्यावर फार उंच तरंगते, म्हणून ती आधी अडते. भरलेली खाली बसते आणि पुलाखालून निघून जाते. म्हणून पूल जवळ आला की रिकाम्या बार्जच्या पोटात मुद्दाम पाणी घ्यायचं, तिला जड करून खाली बसवायचं, पूल पार झाला की लगेच पंप लावून सगळं पाणी बाहेर काढायचं. लगेच म्हणजे लगेच. पोटात पाणी घेतलेली बार्ज सुकाणू ऐकत नाही, आणि पुलानंतर थोड्याच अंतरावर वळण आहे. आजोबांच्या वेळी पूल मागे पडला की "पंप!" म्हणून ओरडायचं काम आत्याचं होतं. ती इतकुशी पोर असल्यापासून ते काम करायची आणि कधी चुकली नाही.

गेल्या वर्षी पाणी लाल पट्ट्याला टेकलं, वाहतूक बंद झाली, आणि बाबांनी बार्ज बाहेर काढली. का, तर वरच्या खाणीपाशी जो आधी पोचेल त्याचा माल आधी भरतात. बाकीचे बांधून बसलेत तोवर आपण पुढे जाऊन नंबर लावू, एवढा साधा हिशेब. "रिकामी तर आहे, बांधाला काय होतंय?" असं ते आईला म्हणाले. बांधामागे आपली सख्खी बहीण राहते, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात आली नाही असं मी म्हणणार नाही. आली असेल, आणि त्यांनी ती बाजूला सारली असेल.

त्या दुपारी आत्या आणि वस्तीतली माणसं बांधावर मातीची पोती रचत होती. मीही होते. मला सुट्टी होती आणि चिखल मला नवा नाही. पुलाखालून बार्ज निघताना दिसली. आत्याने कपाळावर हात धरून बघितलं आणि हातातलं पोतं खाली टाकलं.

"अगं, ही एवढी खाली का बसलीय? रिकामी आहे ना?" ती म्हणाली, आणि मग बांधावरून धावत सुटली. "पंप! अरे, पंप लाव! पंप!"

एवढ्या लांबून, त्या इंजिनाच्या घरघरीत, बाबांना काय ऐकू येणार? मागाहून कळलं की पूल पार झाल्याच्या आनंदात बाबा पंप न लावताच, सुकाणू मदतनिसाकडे देऊन चहा टाकायला आत गेले होते. वळणावर बार्ज वळलीच नाही. सरळ आली, तिचं नाक बांधात घुसलं, प्रवाहाने मागचं टोक फिरवलं आणि बांध साखर विरघळावी तसा विरघळला. नदी वस्तीत आली.

माणूस कुणी गेलं नाही. हे वाक्य त्यानंतर मी इतक्यांदा ऐकलं की मला त्याचा वीट आला. माणूस गेलं नाही म्हणजे जणू काही झालंच नाही. आत्याचा कोबी आठवडाभर पाण्याखाली होता. पाण्यात सडलेल्या कोबीचा वास ज्याने घेतला नाही त्याने देवाचे आभार मानावेत. खुराड्यात कोंबड्या जाळीला चिकटून फुगल्या होत्या. पलंगाखालच्या विटा जिथल्या तिथे होत्या आणि पलंग दुसऱ्याच्या अंगणात. भिंतीवरची ओलीची रेघ छपराला भिडली होती. खोल्यांमध्ये गुडघाभर गाळ, आणि त्या गाळात कुणाकुणाच्या संडासातलं काय काय. मी नाकाला ओढणी बांधून उभी होते, तरी मला दोनदा ओकारी आली.

नदी उतरली तेव्हा बार्ज बांधाच्या भगदाडात आडवी बसली होती, दाराला अडसर लावावा तशी, चिखलात रुतून. बाबा आले. आत्या हातात फावडं घेऊन घरासमोर उभी होती, मांड्यांपर्यंत काळी. बाबा तिच्यासमोरून गेले, बार्जभोवती फिरले, लोखंडावर हात आपटून बघितला आणि हसतमुखाने म्हणाले, "तळ शाबूत आहे बघ, ताई."

माझे बाबा वाईट आहेत का, असं मला लोक विचारतात. मला नाही माहीत. मला त्या वेळी त्यांची किळस आली, एवढं खरं.

मग आले बघे. बांधात अडकलेली बार्ज म्हणजे जत्राच झाली. मुलांना खांद्यावर घेऊन लोक येत, फोटो काढत, शेंगदाण्याची टरफलं आत्याच्या अंगणात टाकत आणि "काय वास आहे हो!" असं तिलाच ऐकवत. त्यांच्यामागून बांध खात्याचे साहेब आले, नवेकोरे गमबूट घालून. त्यांनी भगदाड लांबूनच बघितलं आणि निर्णय दिला.

"बार्ज मध्ये असताना भराव घालता येणार नाही. नियमात बसत नाही. आधी बार्ज हलवा."

"हलवायची कशी?" आत्याने विचारलं. "क्रेन आणणार?"

"बांध मऊ पडलाय, क्रेन कशी येईल? पुढचं पाणी चढलं की बार्ज आपोआप तरंगेल. हे बार्जमालक ती ओढून नेतील. मग आम्ही लगेच बांध बुजवतो."

"म्हणजे नदी भरलेली असताना बूच काढायचं. मग पाणी कुठे जाईल, साहेब?"

साहेबांनी तिच्या घराकडे पाहिलं, मळ्याकडे पाहिलं. "ते तात्पुरतं असेल," ते म्हणाले.

आणि बाबा लगेच मान हलवत म्हणाले, "तात्पुरतंच गं, ताई. एकदा सोस. माझी बार्ज निघाली की तुझा बांध पक्का होईल."

आत्या फावडं घेऊन घरात गेली. बांध दुरुस्त व्हायचा तर आधी पूर यायला हवा, आणि हे सगळ्यांना अगदी रास्त वाटत होतं! त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं ते बघून मला अन्न जाईना. बाबा सकाळी उठले की आभाळ बघायचे. ढग असले की खुशीत. वरच्या धरणावरच्या ओळखीच्या माणसाला फोन करून "चढतंय का रे?" म्हणून विचारायचे, आणि तो हो म्हणाला की आईला चहा टाकायला सांगायचे. आपल्या बहिणीचं घर पुन्हा बुडावं म्हणून माणूस डोळे लावून बसला होता, आणि त्याला तसं वाटतही नव्हतं. "मला काय तिचं वाईट करायचंय का?" म्हणायचे. "मला माझी बार्ज हवीय, बस."

मी दर सुट्टीला आत्याकडे जायचे. घरातला गाळ उपसायचा तर टाकायचा कुठे? नदीकडचा उतार निसरडा, रस्ता अरुंद. आत्या घमेलं उचलायची, फळीवरून बार्जवर चढायची आणि तिच्या पोटात ओतायची. पहिल्या दिवशी मला हसू आलं. भावाच्या लाडक्या बार्जमध्ये घाण ओतते आहे, ओतू दे. मग शेजारणीने विचारलं, "मी पण टाकू का गं?" आत्या म्हणाली, "टाक की. सगळे टाका. विचारायचा संकोच वाटतो म्हणून कुणी थांबू नका." वस्तीला तेच हवं होतं. सगळ्यांच्या घरातला गाळ, पडलेल्या भिंतींचे दगड, फुटलेल्या फरश्या, सडका कोबी, फुगलेल्या गाद्या, सगळं बार्जमध्ये. लोक शिव्या हासडत टाकायचे आणि त्यांना बरं वाटायचं.

फक्त आत्या एका बाबतीत भारी खडूस. गाळ आणि दगड आधी, गाद्या आणि काटक्या शेवटी. आणि एकाच जागी ओतलं की खेकसायची. "मधेच ढीग नको! पुढे टाक, मागे टाक, सारखं कर."

"आत्या, घाण टाकायचीही रीत असते का?" मी वैतागून विचारलं. माझ्या नखांत तो काळा चिखल गेला होता आणि दुकानात गिऱ्हाइकं माझे हात बघून नाक मुरडत होती.

"टाकायची नसते," ती म्हणाली. "भरायची असते."

मला तेव्हा काही उमगलं नाही. मला वाटलं, तिचा टापटिपीचा रोग आहे, उकिरडाही नीटनेटका हवा. बार्जच्या दोन्ही टोकांशी जिथे फटी होत्या तिथे ती मातीची पोती ठोकून ठोकून बसवायची. तेही मला तिच्या पुसापुशीतलंच वाटलं.

एकदा बाबा आले. नाकाला रुमाल, पायात चांगले बूट, म्हणून फळीवर चढले नाहीत. खालूनच टाचा उंचावून बघितलं. वर गाद्यांचे कापूस आणि कोबीचे बुडखे दिसत होते.

"शी! ताई, माझ्या बार्जची कचराकुंडी केलीस?"

"घरात जागा नव्हती."

"राग आहे तुझा, कळतं मला. काढ राग." त्यांनी मोठ्या मनाचा आव आणला. "पाणी आलं की पंप लावून धुऊन काढीन."

जन्मभर बार्ज चालवलेला माणूस, आणि स्वतःच्या बार्जच्या पोटात वाकून बघितलं नाही! का, तर वास येत होता. आत्या त्यांच्या पाठमोऱ्या बुटांकडे बघत राहिली. मग माझ्या हातातलं घमेलं घेऊन तिने ते पुढच्या टोकाला ओतलं.

पाणी आलं. बाबांना हवं तसं, भरपूर, लाल पट्ट्याच्याही वर. सकाळी वस्तीतली माणसं सामान डोक्यावर घेऊन बांधावर उभी होती. मी भगदाडापाशी होते. नदीकडून बाबा एका टगबोटीवरून आले, ओढायला आणलेल्या. टगवाल्याने दोर टाकला, बाबांच्या मदतनिसाने तो बार्जच्या खुंटाला आवळला. बार्जवर, गाद्यांच्या ढिगाशेजारी, आत्या स्टुलावर बसली होती. पदर खोचलेला, हात मांडीवर.

"ताई, उतर! आता तरंगेल!" बाबा ओरडले.

"तरंगली की उतरते."

पाणी चढत गेलं. बार्जच्या कडेला गेल्या वेळचा चिखलाचा पट्टा होता, तो बुडाला. त्याच्या वरचा गंजाचा पट्टा बुडाला. बार्ज हलली नाही. बाबांचा चेहरा आधी उत्सुक होता, मग गोंधळलेला झाला, मग हळूहळू त्यांना समजलं. मलाही त्याच क्षणी समजलं.

"ताई, आत काय भरलंयस तू?"

"तू आणलेलंच सगळं," आत्या म्हणाली. "एक घमेलंही बाहेरचं नाही."

"किती भरलंयस?"

"पोटभर. पुढे-मागे सारखं. अप्पांनी शिकवलं तसं."

बांधावर कुणी हसलं नाही. सगळे बार्ज आणि पोत्यांमधल्या फटींकडे बघत होते. तिथून पाणी येत होतं, पण चुळा भरल्यासारखं, थोडं थोडं. बार्ज जागची हलली असती तर मागे सगळी वस्ती होती, आणि बार्जवर आत्या.

बाबा टगवाल्याकडे वळले आणि म्हणाले, "ओढ."

"वर बाई आहेत," टगवाला म्हणाला.

"उतरेल ती. ओढ तू!"

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मी "बाबा!" म्हणून किंचाळले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत लाज नव्हती, भीती नव्हती. कामाच्या वेळी पोराने मध्ये बोलावं तसा नुसता त्रासिकपणा होता. टगबोटीने जोर लावला. दोर ताणून कण्हायला लागला, बार्जचं लोखंड करकरलं, आत्याचं स्टूल थरथरलं. आत्या उठली नाही. मग खुंटच मुळासकट उपटला, पत्र्याचा तुकडा घेऊन नदीत गेला आणि दोर सैल पडला. बार्ज तिथेच.

टगवाल्याने दोर गुंडाळायला घेतला. "मला नको हे पाप," तो बाबांकडे न बघता म्हणाला, आणि त्यांना धक्क्यावर उतरवून निघून गेला.

त्या वेळी आत्याच्या अंगणात घोटाभर पाणी आलं, झिरपून. घरात आलं नाही. तिने तेवढंही पुसून काढलं.

पाणी उतरल्यावर साहेब पुन्हा आले. बार्ज आता हलणार नाही असं त्यांना लेखी हवं होतं, ते बाबांच्या सहीने मिळालं. मग ती अडथळा राहिली नाही, भरावाचा भाग झाली, आणि नियमात बसली. त्यांनी तिच्यावर मुरूम टाकला, रोलर फिरवला, 'काम पूर्ण' अशी पाटी लावली आणि पाटीसमोर स्वतःचे फोटो काढून घेतले. वस्तीच्या घमेल्यांचा कुठे उल्लेख नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. त्या माणसांकडून मला शाबासकीही नको होती.

बाबा आता दुसऱ्याच्या बार्जवर नोकरीला आहेत. आई त्यांच्याशी कामापुरतं बोलते, मी तेवढंही नाही. तरी रविवारी ते चालत बांधावर येतात. मुरमातून बार्जच्या कठड्याचा एक वीतभर तुकडा वर राहिला आहे. त्याच्यावर बसतात, लोखंडावरून हात फिरवतात. आत्या खाली मळ्यात कोबीच्या ओळीतलं तण काढत असते. कुणी ना कुणी फिरायला आलेलं असतंच. त्याला ते सांगतात, मोठ्याने, आत्याला ऐकू जावं म्हणून, "माझी बार्ज आहे ही. माझ्या वडिलांची."

आत्या मान वर करते. "तुझीच आहे रे," ती म्हणते. "ने."